मधली प्रत

एकाच मजकुराच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या की त्या कुठे वेगळ्या आहेत हे कुणालाही सांगता येतं. त्या वेगळ्या कशा झाल्या हे मात्र दोन्हींकडे कितीही वेळ पाहिलं तरी कळत नाही. एका प्रतीत वाक्य आहे, 'उत्तरेकडच्या कोनाड्यात गणपतीची मूर्ती आहे.' दुसऱ्या प्रतीत ते नाही. पहिल्या माणसाने ते नव्याने लिहिलं, की ते आधीपासून होतं आणि दुसऱ्याने काढलं? नव्याने लिहिलं असेल तर ते ठेवायला हवं, कारण कुणीतरी पायऱ्या उतरून मूर्ती पाहून आलं आहे. काढलं असेल तर ते जायला हवं, कारण कुणीतरी पायऱ्या उतरून गेलं आणि कोनाडा रिकामा निघाला. दोन प्रतींमधला फरक तोच, अर्थ अगदी उलटे. याचा निवाडा तिसरी प्रतच करू शकते, दोघांचाही हात लागण्याआधीची.

हा प्रश्न मला पुस्तकातून नाही, कामातून भेटला. माझा मावसभाऊ, म्हणजे दादा, आणि मी मिळून आमच्या भागातल्या जुन्या बारवा, विहिरी आणि आड यांची नोंद करतो आहोत. गाव कोणतं, गावाच्या कोणत्या अंगाला, पायऱ्या किती, कोनाडे किती, पाणी कसं, शिलालेख आहे का, म्हातारी माणसं काय हकिगत सांगतात. दादा पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे, तो रात्री जेवणं आटोपल्यावर लिहायला बसतो. मी तालुक्याच्या गावी शिकवते, माझं लिहिणं सकाळी शाळेआधी होतं. सुट्टीत तो एका दिशेला जातो, मी दुसऱ्या. कधी एकाच बारवेवर दोघंही जातो, पण वेगवेगळ्या ऋतूंत. मजकूर मात्र एकच, एका साध्या फाईलमध्ये. पाहून आलेली गोष्ट त्याच दिवशी उतरवली नाही तर तिचे कोपरे झिजतात, म्हणून 'तुझं झालं की मला सांग, मग मी उघडते' ही पद्धत आम्हा दोघांनाही नको होती.

मग दोघांच्या प्रती जोडायच्या कशा? त्यासाठी दादाने मला शिकवलेली कमांड एका ओळीची आहे, फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिट या साधनातली. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत 'गिट मर्ज-फाईल' लिहायचं आणि पुढे तीन फाइलींची नावं द्यायची: माझी, मूळ, दादाची. क्रम बदलायचा नाही. मूळ म्हणजे दोघांनी शेवटची वाटून घेतलेली, तोवर अगदी एकसारखी असलेली प्रत, आणि तिची जागा मध्ये. गिटच्या आधीपासून चालत आलेल्या 'मर्ज' आणि 'डिफ-थ्री' या कमांडमध्येही हाच क्रम आहे. गिटचं सगळं भांडार उभारायची गरज नाही, एका फोल्डरमध्ये तीन फाइली असल्या तरी भागतं. एवढंच लक्षात ठेवायचं की जोडून तयार झालेला मजकूर पहिल्या फाईलवरच लिहिला जातो. आधी नुसता डोळ्यांखालून घालायचा असेल तर 'पी' हा पर्याय द्यावा, मग तो पडद्यावर दिसतो आणि फाईल जशी होती तशी राहते.

ही कमांड माझी प्रत आणि दादाची प्रत थेट एकमेकींसमोर उभी करत नाही, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं. ती आधी मूळ आणि माझी ताडून बघते: हिने काय केलं? मग मूळ आणि दादाची: त्याने काय केलं? जिथे मी बदल केला आणि दादाने मूळ तसंच ठेवलं, तिथे माझी ओळ येते. जिथे त्याने बदल केला आणि मी हात लावला नाही, तिथे त्याची. दोघांनी नेमका एकच बदल केला असेल तर तो एकदाच घेतला जातो. आणि दोघांनी एकाच जागी वेगवेगळं लिहिलं असेल तर ती थांबते.

यातला दुसरा भाग, मी हात न लावलेल्या ओळींचा, पहिल्याइतकाच मोलाचा आहे. मी एखादी ओळ जशीच्या तशी ठेवली याचा अर्थ मी ती खरी मानते असा होत नाही. बहुतेक वेळा माझं लक्षच तिच्याकडे गेलेलं नसतं. दोनच प्रती असतील तर माझ्याकडची ती न पाहिलेली जुनी ओळ दादाच्या ताज्या, तपासून केलेल्या दुरुस्तीसमोर बरोबरीने उभी राहते, जणू माझं काही वेगळं म्हणणंच आहे. मूळ प्रत मध्ये आली की ती ओळ माझी नव्हे हे उघड होतं. तिथे मी गप्प होते, आणि गप्प असणं म्हणजे विरोध नव्हे. घरात, संस्थेत, समितीत कितीतरी वाद मी असे पाहिले आहेत की ज्यात एका बाजूने विचार करून काही मांडलेलं असतं आणि दुसऱ्या बाजूने फक्त आधीचं बदललेलं नसतं, तरी दोन्हींना दोन मतं म्हणून सारखं वजन मिळतं. त्या बैठकांमध्ये मधली प्रत कुणाकडेच नसते.

ओळी ताडून बघण्याचं मूळ यंत्र म्हणजे 'डिफ'. न्यू जर्सीतल्या मरे हिल इथे बेल लॅब्समध्ये युनिक्स ही संगणकप्रणाली घडत होती तेव्हा डग्लस मॅक्इलरॉय यांनी ते लिहिलं. १९७४ साली युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीबरोबर ते बाहेर आलं, आणि १९७६ मध्ये जेम्स हंट आणि मॅक्इलरॉय यांनी त्याची रीत एका अहवालात मांडली. फरक शोधण्यासाठी आधी सारखेपण शोधायचं, ही ती रीत. दोन्ही फाइलींमध्ये त्याच क्रमाने येणाऱ्या ओळींची सगळ्यात लांब मालिका कोणती, हे काढायचं. मधे काही ओळी जास्तीच्या असल्या तरी चालतील, क्रम मोडता कामा नये. ती मालिका हाती आली की तिच्यात न बसलेल्या ओळी म्हणजे फरक. १९८६ मध्ये यूजीन मायर्स यांनी हे काम बरंच वेगाने करणारी पद्धत दिली आणि आजही गिट सांगितल्याशिवाय तीच वापरतं. तीन फाइली घेणारं 'डिफ-थ्री' १९७९ सालच्या सातव्या युनिक्समध्ये आलं.

पण त्या काळात एकत्र काम करण्याची रूढ पद्धत कुलपाची होती. बेल लॅब्समधल्या मार्क रॉचकाइंड यांची १९७२ची 'एससीसीएस' काय किंवा पर्ड्यू विद्यापीठातल्या वॉल्टर टिची यांची १९८०च्या दशकाच्या सुरुवातीची 'आरसीएस' काय, दोन्हींमध्ये फाईल बदलायची तर आधी ती आपल्या नावाने कुलूपबंद करून घ्यायची. दुसऱ्याने वाचावी, लिहू नये. हे चुकीचं नव्हतं. त्यामागे एक साधी भीती होती की दोन हात एकाच कागदावर चालले तर एकाचं लिहिलेलं दुसऱ्याच्या हाताखाली पुसलं जाईल. ती भीती अजूनही खरी आहे. सामायिक फोल्डरमध्ये जो शेवटी 'सेव्ह' करतो त्याचंच उरतं, हा अनुभव ज्याला आला नाही असा माणूस मला भेटलेला नाही.

कुलूप काढून टाकण्याची गोष्ट ॲमस्टरडॅमच्या व्रये विद्यापीठात घडली आणि ती मला फार जवळची वाटते. डिक ग्रून हे तिथले शिक्षक. १९८४-८५ मध्ये ते आपल्या दोन विद्यार्थ्यांसोबत सी भाषेचा एक कंपायलर लिहीत होते. तिघांच्या वेळा जुळत नव्हत्या. एक विद्यार्थी नऊ ते पाच नेमाने काम करणारा, दुसऱ्याच्या वेळेचा काही नेम नाही, आणि ग्रून यांना स्वतःला फक्त संध्याकाळ मोकळी. एकाने फाईल कुलूपबंद केली की बाकीचे दोघं अडकून पडत. म्हणून ग्रून यांनी 'आरसीएस'च्या वरून चालणाऱ्या काही शेल स्क्रिप्ट लिहिल्या: प्रत्येकाने आपापली प्रत घ्यावी, आपल्या वेळेला हवं ते करावं, आणि परत आणताना तीन प्रती ताडून जोडून घ्याव्यात. त्याच स्क्रिप्ट १९८६ मध्ये 'सीव्हीएस' या नावाने जगासमोर आल्या. पुढे ब्रायन बर्लिनर यांनी ते सी भाषेत नव्याने बांधलं आणि जवळजवळ दोन दशकं मुक्त सॉफ्टवेअरची कितीतरी कामं त्याच्यावर चालली. इतक्या मोठ्या बदलाच्या मुळाशी कुठला सिद्धान्त नव्हता. एका शिक्षकाची संध्याकाळ आणि त्याच्या विद्यार्थ्याची सकाळ, दोन्हींना मान देणं एवढंच होतं. रात्री लिहिणाऱ्या दादाला आणि पहाटे लिहिणाऱ्या मला या तिघांचं ऋण रोज जाणवतं.

आता थांबण्याविषयी. दोघांनी एकाच जागी वेगवेगळं लिहिलं की कमांड त्या जागी खुणा घालते: सात वेळा 'पेक्षा लहान'चं चिन्ह, त्याखाली माझी ओळ, मग सात 'बरोबर'ची चिन्हं, मग दादाची ओळ, शेवटी सात 'पेक्षा मोठं'ची चिन्हं. याला सगळे कॉन्फ्लिक्ट म्हणतात, आम्हीही म्हणतो. 'डिफ-थ्री' नावाचाच पर्याय दिला तर मधे सात उभ्या दांड्या घालून मूळ ओळही दाखवली जाते. माझ्या मते हा पर्याय कधीच वगळू नये, आणि का ते एका बारवेवरून सांगते. माझ्या ओळीत होतं, 'पायऱ्या ३१.' दादाच्या ओळीत, 'पायऱ्या २८.' दोनच ओळी समोर असत्या तर एकाचं मोजणं चुकलं असंच कुणीही म्हटलं असतं. मधली ओळ मात्र म्हणत होती, 'सुमारे तीस पायऱ्या, गावकऱ्यांच्या सांगण्यावरून.' म्हणजे आम्ही एकमेकांना खोडून काढत नव्हतो. दोघंही एका ऐकीव अंदाजाकडून मोजलेल्या आकड्याकडे आलो होतो, फक्त वेगवेगळ्या वाटांनी. मी फोन केला.

'दादा, पायऱ्या तू कधी मोजल्यास?'

'दिवाळीनंतर. पाणी बऱ्यापैकी वर होतं.'

'मी वैशाखात गेले होते. तळ दिसत होता.'

दोन्ही आकडे खरे होते. आता त्या जागी आहे, 'उन्हाळ्यात तळापर्यंत ३१ पायऱ्या मोजता येतात. दिवाळीच्या सुमारास खालच्या तीन पाण्याखाली असतात.' ही ओळ माझ्या प्रतीत नव्हती, दादाच्या नव्हती, मूळ प्रतीत तर नव्हतीच. ती त्या थांबण्यातून आली. त्या बारवेत पाणी किती चढतं-उतरतं हे आमच्या नोंदीत पहिल्यांदा आलं ते असं.

न थांबवताही हे उरकता येतं. 'अवर्स' असा पर्याय दिला तर प्रत्येक कॉन्फ्लिक्टमध्ये पहिल्या फाईलचं घेतलं जातं, 'देअर्स' दिला तर तिसऱ्या फाईलचं, आणि 'युनियन' दिला तर दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवल्या जातात. गावांच्या नावांच्या यादीला 'युनियन' उत्तम. पायऱ्यांच्या आकड्याला तो लावला असता तर एकाच बारवेला आधी ३१ आणि लगेच खाली २८ पायऱ्या झाल्या असत्या. काम संपताना ही कमांड मागे एक आकडा ठेवून जाते. शून्य असेल तर सगळं जुळलं, नाहीतर जितके कॉन्फ्लिक्ट तितका तो आकडा. आपल्याला किती ठिकाणी ठरवता आलं नाही हे इतक्या सरळपणे मोजून सांगणारं साधन मी दुसरं पाहिलेलं नाही.

इथवर जे सांगितलं ते जगात कुठल्याही भाषेच्या फाईलला लागू आहे. मराठी मजकुराच्या वाटेत आणखी काही खाचखळगे आहेत आणि त्यांविषयी कुणी फारसं लिहीत नाही.

पहिला म्हणजे ओळ. या साधनांचं एकक ओळ आहे, कारण ती प्रोग्रामसाठी जन्मली आणि प्रोग्रामची ओळ आखूड असते. आपण मराठीत परिच्छेद लिहितो आणि तो संपेपर्यंत एंटर दाबत नाही. पडद्यावर दहा ओळी दिसल्या तरी फाईलच्या हिशेबी ती एकच ओळ. मग मी पहिल्या वाक्यात गावाचं नाव दुरुस्त केलं आणि दादाने शेवटच्या वाक्यात शिलालेखाचं वाचन घातलं तरी कॉन्फ्लिक्ट येतो, आणि दोन भलेमोठे, जवळजवळ सारखे परिच्छेद समोर येऊन पडतात. उपाय जुना आहे. ब्रायन कर्निगन यांनी १९७४ साली युनिक्सच्या नवशिक्यांसाठी लिहिलेल्या टिपणात सांगून ठेवलं होतं की प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करा. आम्ही तेच करतो. एक वाक्य, एक ओळ. परिच्छेद बदलला की मधे एक रिकामी ओळ. छापताना वाक्यं पुन्हा सलग करता येतात. त्याचा एक वेगळाच फायदा मला झाला. वाक्यं एकाखाली एक उभी राहिली की त्यांची लांबी डोळ्यांना दिसते, आणि सलग चार वाक्यं 'आहे'ने संपत असतील तर लपत नाहीत.

दुसरा खळगा डोळ्यांना दिसतच नाही. 'पायऱ्या' हा शब्द घ्या, आमच्या फाईलमध्ये तो पानापानावर आहे. त्यातला तो आडवा, पापणीसारखा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक, 'ऱ' हे वेगळं अक्षर घेऊन त्याला हलन्त लावून पुढे 'य'. दोन, साध्या 'र'ला हलन्त, मग शून्य रुंदीचं जोडणारं अदृश्य चिन्ह, मग 'य'. कोणता कळफलक वापरता त्यावर हे ठरतं. पडद्यावर दोन्ही 'पायऱ्या' हुबेहूब सारख्या, छापल्या तरी सारख्या. कमांडला मात्र अक्षरांचे आकार दिसत नाहीत, तिला त्यामागचे संकेतांक दिसतात, आणि तिच्या दृष्टीने हे दोन वेगळे शब्द आहेत. त्यामुळे मी आणि दादाने एक अक्षरही वेगळं लिहिलेलं नसताना जिथे जिथे पायऱ्या, किनाऱ्या, दुसऱ्या, तिथे तिथे फरक उभा राहतो. विंडोजवर जतन केलेल्या फाईलमध्ये ओळीच्या शेवटी एक जास्तीचं अदृश्य चिन्ह येतं, तेव्हा तर प्रत्येक ओळच बदललेली ठरते. यावर आमचा नियम असा की जोडण्याआधी तिन्ही प्रती एकाच संकेतात आणून घ्यायच्या. तिन्ही म्हणजे मूळसुद्धा. फक्त एकाचीच प्रत बदलली तर त्या सगळ्या ओळी त्याने दुरुस्त केल्या असं कमांड समजेल, आणि दुसऱ्याची एखादी खरी दुरुस्ती नेमकी त्याच ओळीत असेल तर फुकटचा कॉन्फ्लिक्ट पदरात पडेल. मराठीत लिहिणाऱ्यांची संख्या पाहता हा प्रश्न कळफलक बनवणाऱ्यांनी केव्हाच सोडवायला हवा होता. दोन माणसांत नसलेला मतभेद यंत्राने दाखवावा हे मला मनापासून खुपतं.

तिसरा, एकसारख्या ओळींचा. आमच्या प्रत्येक नोंदीत 'पाणी: वापरात नाही' ही ओळ पुन्हा पुन्हा येते. मालिका जुळवताना यातली कोणती कोणत्या बारवेची हे ओळीवरून कळत नाही आणि जुळणी सरकू शकते. संजीव खन्ना, केशव कुणाल आणि बेंजामिन पीअर्स यांनी २००७ मध्ये 'डिफ-थ्री'चा गणिती अंगाने अभ्यास मांडला, त्यात एकमेकांपासून दूर केलेले बदल नेहमी सुखाने जुळतील अशी आपली जी समजूत असते तीसुद्धा सरसकट खरी नाही असं दाखवलं आहे. ब्रॅम कोहेन यांची 'पेशन्स' पद्धत एकदाच येणाऱ्या ओळींना आधी धरते, तिने बराच फरक पडतो. आम्ही त्याहून साधं केलं: त्या ओळीत बारवेचं नावही लिहायला लागलो.

दादाच्या घरातून मी पुण्यात फिरायला निघते तेव्हा बहुधा लॉ कॉलेज रस्त्याने जाते, आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या फाटकाशी पाऊल थबकतं. तिथे जे झालं ते आमच्या कमांडच्या नेमक्या उलट्या दिशेने जाणारं काम होतं. महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये सुरू झाली आणि १९६६ मध्ये पुरी झाली. त्यासाठी १,२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली गेली, शारदा लिपीतली, देवनागरी, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मलयाळम. त्यांपैकी प्रत्येक म्हणजे कुणाची तरी प्रत. मूळ प्रत मात्र कुणाकडेच नव्हती. वि. सी. सुकथनकर यांनी आदिपर्वासाठी जी शिस्त घालून दिली तिच्यात ताडणीचे मोठे कागद चौकोनांत आखलेले असत: वरच्या रांगेत श्लोक, एका चौकोनात एक अक्षर, आणि खाली प्रत्येक हस्तलिखिताची एकेक रांग. जिथे पाठ वेगळा तेवढंच अक्षर लिहायचं, बाकी चौकोन रिकामा. मी जेव्हा जेव्हा त्या कागदांचा विचार करते तेव्हा मला तो हातांनी, वर्षानुवर्षं चाललेला 'डिफ' दिसतो, तोही ओळीचा नव्हे, अक्षराचा.

त्यांच्यापुढचा प्रश्न कोनाड्यातल्या मूर्तीचाच होता. हा श्लोक दक्षिणेकडच्या प्रतींत आहे, काश्मीरकडच्या प्रतींत नाही. तो इकडे घातला गेला की तिकडे गळला? ज्या दोन परंपरांचा एकमेकींशी संबंध नाही त्यांच्यात जे समान आहे ते जुनं, असं धरून त्यांनी नसलेल्या मधल्या प्रतीकडे पावलं टाकली. आम्हाला जी फाईल फोल्डरमध्ये आयती मिळते तिच्या जवळपास पोचण्यासाठी सुकथनकर, त्यांच्यानंतर श्री. कृ. बेलवलकर आणि मग प. ल. वैद्य अशा एकामागून एक विद्वानांनी आपली उमेदीची वर्षं दिली. सुकथनकर १९४३ मध्ये गेले, काम अर्ध्यावर असताना. आणि जे श्लोक मुख्य पाठात घेतले नाहीत ते त्यांनी टाकूनही दिले नाहीत. तारांकित करून तळाशी, मोठे असतील तर परिशिष्टात, कोणत्या हस्तलिखितात काय आहे याच्या नोंदीसह ठेवले. निर्णय केला, पण निर्णय ज्यावरून केला ते सगळं वाचकासमोर उघडं ठेवलं. हे काम मी इतक्या आदराने का बघते ते दोन मावसभावंडांची एक साधी फाईल जोडताना मला समजलं. जुनी प्रत जपून ठेवणं ही किती मोठी सोय आहे हे ती हरवलेल्यांच्या कष्टांवरून कळतं.

शून्य आकडा आला, एकही कॉन्फ्लिक्ट नाही, तरी आमचं काम तिथे संपत नाही. कमांडला ओळी कळतात, अर्थ कळत नाही. एका नोंदीत मूळ वाक्य होतं, 'गावाच्या पूर्वेला एक विहीर आहे.' दादाने पाहिलं की ती अरुंद आहे, पायऱ्या नाहीत, म्हणून त्याने 'विहीर' काढून 'आड' केलं. त्याच दिवसांत मी खालच्या परिच्छेदात एक वाक्य घातलं होतं, 'तिच्या काठाच्या दगडाला दोरीने घासून खाचा पडल्या आहेत.' दोन्ही बदल बरोबर, दोन्ही दूर दूर, म्हणून सुखाने जुळले. आणि वर पुल्लिंगी आड, खाली 'तिच्या काठाच्या'. मराठीत नाम बदललं की त्याच्या मागे सर्वनाम बदलतं, विशेषण बदलतं, क्रियापद बदलतं, आणि ही साखळी कितीतरी ओळी पुढे जाते. इंग्रजीत असा बदल बहुधा खपून गेला असता. आपल्या भाषेत तो लगेच कानाला लागतो, आणि हे मला आपल्या भाषेचं बळ वाटतं, कारण जे जोडलं गेलं ते खरंच जुळलं की नाही याची एक जास्तीची परीक्षा ती घेते. व्याकरणाने पकडता न येणारंही असतं. दादा 'पाणी पिण्यायोग्य' हे काढून 'पाणी दूषित' करतो, आणि मी दुसरीकडे लिहिलेलं असतं की यात्रेच्या दिवसांत लोक इथेच पाणी पितात. दोन्ही ओळी खऱ्या असतील, तर ती गोष्ट फाईलमध्ये ठेवून चालणार नाही, ग्रामपंचायतीत जाऊन सांगायला हवी.

म्हणून जोडलेली फाईल आम्ही मोठ्याने वाचतो. रविवारी दुपारी दादा फोनवर वाचतो, मी माझ्यासमोरच्या पानावर बोट ठेवून ऐकते, पुढच्या नोंदीला मी वाचते आणि तो ऐकतो. अडखळलं की तिथे खूण करायची, ठरवायचं, दुरुस्त करायचं. ते झालं की त्या फाईलचं नाव 'मूळ' होतं, आधीच्या मूळला तारीख लावून ती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली जाते, आणि नवी मूळ दोघांनीही घ्यायची असते. एकाने जरी जुन्याच प्रतीवर पुढे लिहिलं तर पुढच्या वेळी त्याच्या जुन्या ओळी नवे बदल म्हणून धरल्या जातात, आणि सोडवून झालेल्या ओळीच्या जागी ते २८ गुपचूप परत येऊ शकतं. दादा त्या रात्री 'मूळ घेतली' एवढाच निरोप पाठवतो. तो निरोप आल्याशिवाय सकाळी मी फाईल उघडत नाही.